ऑइलचा लाल दिवा आणि दाबाचा काटा



गेल्या वर्षभरात काही मंडळ्यांनी व हितचिंतकांनी आपल्या सातपुड्यातील सेवाक्षेत्रासाठी मोटारसायकलींचे सामान पाठवले. टायर, ट्यूब, चेन-स्प्रॉकेट, रेनकोट यांबरोबर ऑइल प्रेशरचे मीटर आणि त्यांचे सेन्सरही आले. सोबतच्या एका पत्रात प्रश्न होता, "हे मीटर सगळ्या गाड्यांना बसवून झाले का?" झाले नाहीत, आणि सगळ्यांना बसवणारही नाही. का, ते या पाठात सांगायचे आहे. वसतिगृहातील मोठ्या मुलामुलींच्या संध्याकाळच्या मोटार-दुरुस्ती वर्गात हा विषय तीन आठवडे चालला. तोच इथे मांडतो. ज्यांच्या हाताला पाना-पकड कधी लागली नाही अशांनीही वाचायला हरकत नाही. वायरी फार नाहीत, एकूण चार-पाचच आहेत.

आधी ऑइलचे काम पाहू. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठलेले असते. पंप ते ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि बारीक वाटांनी ते क्रँक, कॅम व व्हॉल्व्ह यांच्यापर्यंत पोचते. मोठ्या इंजिनांत क्रँकशाफ्ट हा बेअरिंगच्या गुळगुळीत पट्ट्यांमध्ये फिरतो. शाफ्ट आणि पट्टी यांच्यामधली फट केसाहून बारीक असते. त्या फटीत दाबाखालचे ऑइल भरलेले असते, म्हणून धातूला धातू लागत नाही. खरे पाहता शाफ्ट त्या ऑइलवर तरंगत असतो. दाब गेला की तरंगणे संपते. मग घासणे, तापणे आणि शेवटी जाम होणे. सपाट रस्त्यावर याला काही मिनिटे लागतील, भरल्या गाडीने घाट चढताना तेवढीही लागत नाहीत. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल उष्णताही वाहून नेते, म्हणून ऑइल कमी झाले की दुहेरी मार बसतो.

आता लहान गाड्यांचे. आपल्या क्षेत्रातील बहुतेक गाड्या १०० ते १२५ सीसीच्या आहेत. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूला पाड्यापाड्यांवर जाणारे सुवार्तिक, शिक्षक आणि आरोग्यसेविका त्यांच्यावरच फिरतात. या इंजिनांचा क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर असतात. त्यांना ऑइलचा भारी दाब लागत नाही, ऑइल वाहते राहिले की पुरते. म्हणूनच त्यांच्या डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा सहसा नसतो. अशा इंजिनाला दाबाचा मीटर लावला तर काटा शून्यापासून जेमतेम हलतो, आणि चालवणारा उगाच घाबरतो. तेव्हा आपण प्रेमाने पाठवलेले मीटर या गाड्यांना जाणार नाहीत. त्यांचा सेन्सर म्हणजे ऑइलच्या झाकणाला असलेली काडी, डिपस्टिक. ती फुकट आहे, तिला बॅटरी लागत नाही आणि तिची वायर तुटत नाही. दर सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर गाड्या सपाट जागेवर, सरळ उभ्या करून, काडी पुसून ऑइल पाहायचे आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. या इंजिनांत एकूण ऑइल सुमारे लिटरभरच असते. त्यातले दोनशे मिलिलिटर जळाले किंवा गळाले तर राहिले किती, हा हिशेब वर्गातल्या मुलींनी फळ्यावर करून दाखवला तेव्हा मुलांना सोमवारच्या नियमाचे कारण कळले.

मीटरचा प्रश्न येतो तो आपल्या मोठ्या गाड्यांपुरता. त्यांतली एक दोन सिलेंडरची, ६५० सीसीची आहे. तिला साइडकार जोडून रुग्णांना खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत आणले जाते. तिला कंपनीचाच ऑइलचा लाल दिवा आहे.

दिवा कसा पेटतो

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला आपल्याला पाठ आहे. तिथे तेल संपते तेव्हा दिवा विझू लागतो. मोटारसायकलवर उलटे आहे. दाबाखालचे तेल आले की दिवा विझतो, आणि ते गेले की पेटतो. वर्गात हा फरक सांगितल्यावर हशा पिकला, पण तो लक्षात राहिला, आणि तेवढेच हवे होते.

दिव्यामागे एक साधे स्विच असते. इंजिनाच्या ऑइलच्या वाटेवर ते आट्यांनी बसवलेले असते. आत एक पातळ पडदा आणि त्याच्यामागे स्प्रिंग. दाब नसताना स्प्रिंग दोन पत्रे जोडून धरते. बॅटरीचा करंट किल्लीतून बल्बकडे, बल्बमधून एकाच वायरने स्विचकडे आणि स्विचच्या अंगातून इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थला जातो. वाट पूर्ण झाली म्हणून दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब चढला की पडदा ढकलला जातो, पत्रे सुटतात, दिवा विझतो. हे स्विच साधारण ०.२ ते ०.५ बार इतक्या थोड्या दाबाला उघडते. मोठ्या इंजिनात वेगात असताना दाब तीन-चार बारपर्यंत असतो. म्हणजे चालत्या गाडीवर दिवा पेटला, तर दाब कमी होऊ लागला आहे असा त्याचा अर्थ नाही. दाब जवळजवळ गेलाच आहे. "पुढच्या पाड्यापर्यंत जाऊन बघू" याला तिथे जागा नाही. क्लच दाबायचा, इंजिन बंद करायचे आणि गाडी कडेला घ्यायची.

दोन गोष्टी दिवा सांगत नाही. ऑइल किती आहे ते सांगत नाही, कारण पंपाच्या तोंडाशी ऑइल पोचते आहे तोवर दाब राहतो. आणि ऑइल कसे आहे तेही सांगत नाही. काळे, पातळ, जुने ऑइलसुद्धा दिवा विझवते.

मीटर म्हणजे दुसरीच जात

पुष्कळ लोक, आणि काही मिस्त्रीसुद्धा, समजतात की दिव्याच्या वायरीला मीटर जोडला की काटा दाब दाखवील. असे होत नाही. दिव्याच्या स्विचला दोनच शब्द येतात, हो आणि नाही. मीटरला लागतो तो दाबाप्रमाणे बदलत जाणारा रोध. त्यासाठी वेगळा सेन्सर असतो. तो आकाराने मोठा, डबीसारखा असतो. आत पडद्याला जोडलेला एक हात रोधाच्या तारेवर सरकतो.

या सेन्सरांच्या बाजारात दोन मोठ्या पद्धती आहेत. जर्मन व्हीडीओ पद्धतीचा सेन्सर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचा अगदी उलट: शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एका पद्धतीचा सेन्सर आणि दुसऱ्या पद्धतीचा मीटर जोडला तर काटा हलतो, पण खोटे बोलतो. हल्ली तिसरी, तीन वायरींची इलेक्ट्रॉनिक जातही मिळते. तिला पाच व्होल्ट द्यावे लागतात आणि ती साडेचार व्होल्टपर्यंतचा सिग्नल परत देते. ती पहिल्या दोन्हींशी जुळत नाही. म्हणून सेन्सर गाडीला लावण्याआधी हातात घेऊन मल्टीमीटरने मोजायचा. एक टोक सेन्सरच्या खिळ्याला, दुसरे त्याच्या धातूच्या अंगाला. दहाच्या जवळ आकडा आला तर कोणती जात, दोनशे चाळीसच्या जवळ आला तर कोणती, हे आमची आठवीतली मुलेही आता सांगतात.

आता या पाठाचा गाभा. कोणतेही सूचना देणारे साधन बसवताना त्याला एक प्रश्न विचारायचा: तुझी वायर तुटली तर तू काय दाखवशील?

दिव्याची वायर तुटली तर दिवा कधीच पेटणार नाही. चालवणाऱ्याला वाटेल सर्व ठीक आहे. व्हीडीओ पद्धतीच्या मीटरची सिग्नलची वायर तुटली तर मीटरला रोध अमर्याद दिसतो, आणि काटा थेट पूर्ण दाबावर जाऊन टेकतो. इथेही चालवणाऱ्याला वाटेल सर्व उत्तम आहे. अमेरिकन पद्धतीत वायर तुटली तर काटा शून्याला पडतो, माणूस घाबरून थांबतो, आणि ते बरेच. पण त्याच मीटरची वायर घासून फ्रेमला लागली तर काटा पूर्ण दाबावर. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी शत्रू पाहूनही कर्णा न वाजवणारा असेल तर त्याचा जाब घेतला जातो. इथे त्याहून वाईट आहे. हा पहारेकरी मेलेला असून "सर्व क्षेम आहे" असे ओरडत राहतो.

हे पुस्तकातले उदाहरण नाही. आपल्या साइडकारच्या गाडीला पहिला मीटर दूरच्या गावातील एका गॅरेजात बसवून घेतला होता. त्यांनी कंपनीचे स्विच काढले, त्याच भोकात मीटरचा सेन्सर बसवला आणि दिव्याची मोकळी वायर टेपने गुंडाळून टाकीखाली खोचली. काम सुबक दिसत होते. काटा झोकात हलायचा. काही महिन्यांनी हँडलच्या मानेपाशी, जिथे वायर प्रत्येक वळणाला वाकते, तिथे सिग्नलची वायर आतून तुटली. मीटर व्हीडीओ पद्धतीचा होता. काटा वर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. चालवणाऱ्या आरोग्यसेवकाने नंतर सांगितले की आठ दिवस प्रेशर "फुल्ल" होते, म्हणून तो निर्धास्त होता. त्याच आठ दिवसांत फिल्टरच्या झाकणातून ऑइल झिरपत होते. पावसाचे दिवस, खाली सगळा चिखल, डाग कुठे दिसणार?

घाटाच्या मध्यावर इंजिन जाम झाले. साइडकारमध्ये पहिलटकरीण होती. कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला. पाड्यावरून चार माणसे आली, बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला पायवाटेने रस्त्यापर्यंत नेले. तिथून जीपने ग्रामीण रुग्णालयात. देवाच्या दयेने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. क्रँक आणि बेअरिंग गेले. गाडी साडेतीन महिने उभी राहिली आणि त्या काळात झोळ्याच चालल्या. चालवणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. त्याने काट्यावर विश्वास ठेवला. काटा विश्वास ठेवण्यासाठीच बसवलेला असतो.

कंपनीचा दिवा जागेवर असता तर त्या दिवशी घाटाच्या पायथ्याशीच तो पेटला असता. मीटर हवा असेल तर तो दिव्याच्या जागी बसवायचा नसतो, दिव्याच्या जोडीला बसवायचा असतो. पुढे सगळे त्यासाठीच आहे.

बसवण्याची रीत

दोघांना एकाच भोकातून ऑइल द्यायचे तर तीन तोंडांचा जोड लागतो. गॅरेजच्या भाषेत 'टी'. एक तोंड इंजिनात, एकावर जुने स्विच, एकावर नवा सेन्सर. दुसरा मार्ग म्हणजे दोन टोकांचा सेन्सर घेणे. व्हीडीओच्या अशा सेन्सरवर एका टोकाशी 'जी' आणि दुसऱ्याशी 'डब्ल्यूके' ही अक्षरे असतात. 'जी' मीटरसाठी, 'डब्ल्यूके' दिव्यासाठी. एकाच डबीत दोन्ही कामे होतात, आणि 'टी' वाचतो. तरी माझे मत 'टी'कडेच झुकते, कारण एक डबी फुटली तर दोन्ही पहारेकरी एकदम जातात.

आट्यांबाबत घाई नको. कुठे एम १० बाय १ असतात, कुठे एक अष्टमांश इंची. या इंचीतही दोन प्रकार: एनपीटीमध्ये इंचाला २७ आटे, बीएसपीमध्ये २८. एकाचे दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जाते आणि मग अडते. तिथे पान्याला जोर लावला की ॲल्युमिनिअमच्या इंजिनाचे आटे गेले, किंवा भोकाच्या कडेला तडा गेला. जुने स्विच काढून 'टी' बरोबर शेजारी शेजारी धरा, आटे आट्यांत बसतात का ते उजेडात पाहा. हाताने शेवटपर्यंत जवळजवळ फिरले पाहिजे. निमुळत्या आट्यांना शेवटचा थोडासा ताणच पुरतो.

टेफ्लॉन टेपची आपल्याकडे नळाच्या मिस्त्रींमुळे फार सवय आहे. इथे ती जपून वापरायची. एकच टोक असलेला सेन्सर आट्यांतूनच अर्थ घेतो. टेपचे जाड थर दिले तर अर्थ तुटतो आणि काटा भरकटतो. शिवाय टेपची चिंधी सुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकली तर मीटर बसवण्याच्या नादात बेअरिंग उपाशी मरेल. पहिला आटा मोकळा ठेवून एक-दोन फेरे, बस.

आता थरथर. सेन्सरची डबी जड असते. 'टी'च्या टोकावर ती लोंबकळत ठेवली तर इंजिनाच्या कंपनाने पितळी जोड एक दिवस मानेत मोडतो आणि दाबाखालचे गरम ऑइल मागच्या टायरवर उडते. म्हणून आम्ही सेन्सर फ्रेमला पट्टीने बांधतो आणि 'टी'पासून तिथपर्यंत स्टीलच्या जाळीची छोटी नळी आणतो. नळी विकत घेताना नीट विचारा. ब्रेकची साधी रबरी नळी चालत नाही, कारण ब्रेकच्या तेलासाठी केलेले ते रबर इंजिन ऑइलने फुगते. आणि सेन्सर नळीच्या टोकाला गेला म्हणजे त्याचा इंजिनातून मिळणारा अर्थ गेला. त्याच्या अंगाला क्लिप लावून वेगळी अर्थची वायर बॅटरीच्या उणे टोकापर्यंत न्यावीच लागते. हे विसरले की काम संपल्यावर काटा वेडेवाकडे नाचतो आणि लोक मीटरला दोष देतात.

काही मीटर असेही येतात की ज्यांत ऑइल बारीक नळीने थेट हँडलवरच्या डायलपर्यंत चढवायचे असते. त्यांना वायर लागत नाही म्हणून ते सोपे वाटतात. आपल्या गाड्यांना ते लावायचे नाहीत. नळी फुटली तर उकळते ऑइल चालवणाऱ्याच्या मांडीवर येते.

वायरी अशा. मीटरच्या पाठीमागे धन, ऋण आणि सिग्नल अशी तीन टोके, आणि रात्रीच्या बल्बचे चौथे. धनला किल्लीनंतरचा करंट द्यायचा. मल्टीमीटरने तशी वायर शोधा: किल्ली चालू केल्यावर १२ व्होल्ट, बंद केल्यावर शून्य. मध्ये दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज, आणि तो करंट जिथून घेतला त्या टोकाजवळ. मीटरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीचे रक्षण करत नाही. ऋण बॅटरीच्या उणे टोकाला किंवा चांगल्या अर्थला. सिग्नल सरळ सेन्सरला, मध्ये कुठेही दिव्याच्या वायरीशी गाठ नाही. गाठ मारली तर दिव्याचा करंट सेन्सरमधून जाऊ लागतो, काटा चुकीचे दाखवतो आणि दिवा मंद-मंद पेटत राहतो. ज्या नव्या गाड्यांत स्विचची वायर बल्बकडे न जाता इलेक्ट्रॉनिक डॅशबोर्डच्या किंवा इंजिनच्या कंट्रोल बॉक्समध्ये जाते, तिथे तर त्या वायरीला सुईसुद्धा टोचू नये. मीटरचा संसार पूर्ण वेगळा ठेवावा.

हँडलच्या मानेपाशी वायरीला ढील ठेवा, वर स्लीव्ह चढवा, आणि बांधून झाल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे ताण येतो का, कुठे चिमटते का पाहा. सायलेंसरपासून लांब. पिळून टेप लावलेले जोड आमच्या वर्गात चालत नाहीत. क्रिंप किंवा सोल्डर, वर उष्णतेने आवळणारी नळी. सातपुड्यातला पाऊस टेपच्या आत किती दिवसांत शिरतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

किल्ली फिरवल्यावर

सगळे बसवून झाले की पहिली परीक्षा इंजिन बंद असतानाच घ्यायची. किल्ली चालू करा. लाल दिवा पेटला पाहिजे. काटा शून्यावर आला पाहिजे. किल्ली बंद असताना काटा कुठे होता त्याला काही अर्थ नाही, काही मीटरांचा काटा तेव्हा वाटेल तिथे उभा असतो. मग सिग्नलची वायर सेन्सरवरून काढून पाहा. व्हीडीओ पद्धतीत काटा वरच्या टोकाला जाईल, अमेरिकनमध्ये खाली पडेल. तीच वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, उलटे होईल. स्विचची वायर काढली की दिवा विझला पाहिजे, टेकवली की पेटला पाहिजे. ही परीक्षा प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करायची, दुसऱ्याने केलेली बघायची नाही.

याच्यावरून रोजची सवय ठरली. किल्ली, दिवा, काटा, मग स्टार्टर. किल्ली फिरवून दोन क्षण थांबायचे. दिवा पेटला नाही तर बल्ब, वायर किंवा स्विच मेलेले आहे. इंजिन बंद असताना काटा शून्यावर नसेल तर तो खोटे बोलतो आहे. त्या आठ दिवसांत कोणी इंजिन सुरू करण्याआधी काट्याकडे पाहिले असते, तर बंद इंजिनात "फुल्ल प्रेशर" दिसले असते. पण तसे पाहायचे असते हे त्या आरोग्यसेवकाला कोणी सांगितलेच नव्हते. मीटर बसवणाऱ्याचे काम मीटर बसवून संपत नाही, चालवणाऱ्याला शेजारी उभे करून हे दाखवावे लागते. आता प्रत्येक गाडीच्या टाकीवर आम्ही पावरी आणि मराठीत हे चार शब्द लिहून चिकटवले आहेत.

इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत दिवा विझावा आणि काटा चढावा. नसेल तर लगेच बंद. 'टी', नळी, सेन्सर यांच्या सांध्यांवरून कोरडे फडके फिरवून ओल बघा. नव्या नळीतही थोडे ऑइल भरते, म्हणून पातळी पुन्हा काडीने मोजा.

काट्याचे आकडे वाचताना दुसऱ्याच्या इंजिनाशी तुलना करू नका. थंड ऑइल घट्ट असते, म्हणून सकाळी काटा उंच. इंजिन तापले की ऑइल पातळ होते आणि थांबलेल्या गाडीवर काटा बराच खाली येतो. कधी दिवाही मिणमिणतो. रेस केल्यावर काटा चढत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण पूर्वी मिणमिणत नव्हता आणि आता मिणमिणतो असे असेल तर विचारायला हवे. म्हणून गाडी निरोगी असताना तीन आकडे वहीत लिहून ठेवतो: थंड इंजिन मंद गतीत, गरम इंजिन मंद गतीत, गरम इंजिन चार हजार फेऱ्यांना. दर महिन्याला पुन्हा तेच तीन. महिन्यामागून महिना आकडा उतरत गेला तर ऑइल, फिल्टर, पंप, बेअरिंग या क्रमाने शोध. दिव्याला हे जमत नाही. तो शेवटच्या क्षणी ओरडतो, काटा महिनाभर आधी कुजबुजतो. मीटर बसवण्याचे खरे कारण एवढेच आहे.

ज्यांना आणखी काही पाठवायची इच्छा आहे त्यांना विनंती की घाटातल्या गाड्यांसाठी ऑइलच्या तापमानाचा मीटर अधिक उपयोगी पडेल. साइडकार ओढताना ऑइल किती तापते हे कळले तर चालवणारा वेळीच सावलीला थांबतो. सेन्सर वेगळा असतो, पण वायरींची रीत जवळजवळ हीच.

वर्गासाठी सध्या दोनच मल्टीमीटर आहेत आणि मुले चौदा. साधे, स्वस्त मल्टीमीटर, क्रिंपची पकड, दोन-तीन अँपिअरचे फ्यूज आणि आवळणारी नळी यांची गरज मीटरांपेक्षा मोठी आहे. वर्गातील मुलांपैकी तिघांना तालुक्याच्या गावी गॅरेजात काम मिळण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आणि मीटर पाठवलाच तर त्याच्या डब्यातला कागद फेकू नका. त्यावर १० ते १८० की २४० ते ३३ हे छापलेले असते. मागच्या खेपेच्या दोन मीटरांबरोबर कागद नव्हता, ते अजून कपाटातच आहेत.